अँटीबॉडी सापडल्या म्हणजे उंदीर आजार पसरवतोय असं नाही

"पकडलेल्या रानउंदरांपैकी तीस टक्क्यांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, मग तीस टक्के उंदीर आजार पसरवताहेत असं अहवालात लिहू का?" असं तुम्ही विचारलंय. नका लिहू. अँटीबॉडी एवढंच सांगतात की त्या जनावराची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. कधी, आणि आता विषाणू अंगात आहे का, हे विषाणूगणिक बदलतं. काउपॉक्सचा (देवीच्या जातकुळीतल्या आजाराचा) विषाणू युरोपात व्होल (आखूड शेपटीचे, उंदरासारखे प्राणी) आणि रानउंदरांत नांदतो. संसर्ग काही आठवड्यांत आटोपतो, अँटीबॉडी मात्र मागे राहतात. उलट अमेरिकेतल्या डिअर माउसमध्ये सिन नोम्ब्रे हा हँटाविषाणू (उंदरांत नांदणाऱ्या, माणसालाही होणाऱ्या विषाणूंच्या गटातला) शिरला की सहसा जन्मभर मुक्काम ठोकतो. त्यात पिल्लांचा घोळ वेगळाच: आईकडून आलेल्या अँटीबॉडी काही काळ त्यांच्या रक्तात असतात, त्यामुळे कधीच संसर्ग न झालेलं पिल्लूही 'पॉझिटिव्ह' दिसतं.

प्रसार मोजायचा तर तीच जनावरं पुन्हापुन्हा पकडावी लागतात. पिंजऱ्यातून उंदीर पिशवीत घ्यायचा, पिशवीसकट काट्याला टांगून वजन करायचं, कातडीखालची मायक्रोचिप वाचायची, शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त घ्यायचं आणि जिथे पकडला तिथेच सोडायचा. मागच्या महिन्यात निगेटिव्ह असलेला प्रौढ या महिन्यात पॉझिटिव्ह आला, की संसर्ग या दोन तारखांमध्ये झाला हे कळतं. खरी माहिती ती. कान-शेपटीवरच्या चाव्यांच्या खुणाही टिपून ठेवा. उंदरांमध्ये हँटाविषाणू चाव्यातूनही पसरतात, म्हणून भांडखोर प्रौढ नरांत संसर्ग बरेचदा जास्त आढळतो.

संख्या वाढली की आजार वाढतो, हे गृहीतही जपून वापरा. कझाकस्तानातल्या मोठ्या जर्बिलांमध्ये (रखरखीत भागात बिळं करून राहणारे उंदरासारखे प्राणी) प्लेग टिकायला जनावरांची ठरावीक दाटी लागते हे खरं, पण दाटी झाल्यावर प्लेग लगेच येत नाही, मध्ये काळ जातो. एकाच हंगामाच्या आकड्यांत हा उशीर दिसणारच नाही. चावे किंवा समागमातून पसरणाऱ्या रोगात तर दाटीपेक्षा कोण कोणाला भेटतं हे महत्त्वाचं.

शिवाय एका जनावरात एकच जंतू असतो असं थोडंच आहे? इंग्लंडमधल्या किल्डर जंगलातल्या व्होलांवर असाच दीर्घ अभ्यास झाला. त्यावर 2010 साली आलेल्या निष्कर्षांनुसार, नवा संसर्ग होण्याचा धोका वय आणि ऋतूपेक्षाही अंगात आधीच असलेल्या इतर जंतूंवर जास्त ठरत होता. म्हणून रक्ताचा उरलेला नमुना फेकू नका, गोठवून ठेवा.

पिंजरे मोकळ्या हवेत, वारा पाठीशी घेऊन उघडा. हातमोजे आणि नीट बसणारा श्वसन-मास्क हवाच, कारण हँटाविषाणू वाळलेल्या लघवी-लेंड्यांच्या धुळीतूनही माणसात येतो.

हाती आहे त्या माहितीवर अहवालात 'अँटीबॉडी आढळण्याचं प्रमाण' एवढंच लिहा आणि कोणत्या महिन्यांत पकडले तेही द्या. वजनं नोंदवली असतील तर पिल्लं आणि प्रौढ वेगळे काढून टक्केवारी पुन्हा करा, तीस टक्क्यांचा आकडा हलेल असं वाटतं.