जोडीदार बदलला की माप बदलते

प्रश्न : मी एका किरल (ज्याचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन आरसेरूपांत असतात अशा) कार्बॉक्झिलिक आम्लावर काम करते. शुद्ध एनॅन्शिओमरच्या (त्यांपैकी एकाच रूपाच्या) रोटेशनशी, म्हणजे तो ध्रुवित प्रकाश जेवढा वळवतो त्या कोनाशी, तुलना केली तर पोलरीमीटरवर नमुन्याचा ई.ई. (एका रूपाचे दुसऱ्यावरचे आधिक्य) ७८ टक्के येतो. तोच नमुना किरल एचपीएलसीवर (दोन्ही रूपे वेगळी करणाऱ्या कॉलमवर) ८५ टक्के दाखवतो. द्रावक क्लोरोफॉर्म आहे. चूक कुठल्या यंत्राची?
— संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी साधी शक्यता निकालात काढा. नमुन्यात वजनाने ८ टक्के द्रावक उरले असेल, तर तेवढ्यानेच ८५ चे ७८ होतात. म्हणून व्हॅक्यूमखाली वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, एनएमआरमध्ये (रेणूतले अणू शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) द्रावकाची शिखरे पाहा आणि मग पुन्हा मोजा. तरीही तफावत राहिली, तर यंत्रांना दोष देऊ नका. पोलरीमीटर कोन बरोबरच मोजतो. कोनावरून ई.ई. काढताना आपण मनात धरतो की द्रावणातला प्रत्येक रेणू सुटा वागतो. चूक असते ती या समजुतीत.

क्लोरोफॉर्ममध्ये कार्बॉक्झिलिक आम्लाचे दोन रेणू समोरासमोर येऊन दोन हायड्रोजन बंधांनी जोडी करतात. उजव्याने उजवा धरला की ते हस्तांदोलन, उजव्याला डावा मिळाला की नमस्कार. दोन्हींत हात दोनच, पण बोटांची मांडणी निराळी. त्यामुळे दोन्ही जोड्या सारख्याच टिकाऊ असतील असे नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओरो यांनी १९६९ मध्ये २-एथिल-२-मेथिलसक्सिनिक आम्लावर नेमके हेच दाखवले. क्लोरोफॉर्ममध्ये रोटेशन आणि ई.ई. यांचा आलेख सरळ रेषेत येत नाही, मेथॅनॉलसारख्या ध्रुवीय द्रावकात तो सरळ होतो. या वाकण्याला ओरो परिणाम म्हणतात.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. नुसत्या जोड्या झाल्या म्हणून आलेख वाकत नाही. सगळेच रेणू दोन-दोनच्या जोड्यांत गुंतले असतील, तर डाव्या-उजव्याच्या मिश्र जोड्यांचे एकूण रोटेशन शून्य येते, आणि उजव्यांचे जेवढे आधिक्य तेवढेच उजवा-उजवा जोड्यांत उरते. म्हणजे आलेख सरळच! तो वाकायला दोन गोष्टी एकदम लागतात. सुट्या रेणूचे आणि जोडीतल्या रेणूचे रोटेशन वेगळे हवे. शिवाय शुद्ध आणि मिश्र जोड्यांचे प्रमाण निव्वळ योगायोगाने पडणाऱ्या प्रमाणाहून ढळलेले हवे, म्हणजे ई.ई. बदलला की सुट्या रेणूंचा वाटाही बदलतो. तुमच्या द्रावणात दोन्ही घडत आहे का, हे असे तपासा : १०० मिलीला २, १, ०.५ आणि ०.२ ग्रॅम अशी चार द्रावणे करा आणि एकाच तापमानाला, एकाच नळीत मोजा. विशिष्ट रोटेशन (तीव्रता आणि नळीची लांबी यांनी भागलेला कोन) पातळ होताना सरकत गेले तर रेणू एकत्र येत आहेत. कोन लहान झाला की चूक वाढते, म्हणून ही नळी किमान १ डेसिमीटरची घ्या आणि ०.२ साठी दहा वाचनांची सरासरी काढा. मग हेच मेथॅनॉलमध्ये करा. तुलनेसाठीचा शुद्ध नमुनाही त्याच द्रावकात, त्याच तीव्रतेला मोजलेला हवा. जुन्या शोधनिबंधातला आकडा उचलून भागाकार करू नका.

क्लोरोफॉर्मच्या बाटलीचे लेबलही वाचा. बाजारातल्या बऱ्याच क्लोरोफॉर्ममध्ये टिकवण्यासाठी १ टक्क्यापर्यंत इथेनॉल घातलेले असते, काहींत त्याऐवजी अ‍ॅमिलीन असते. १ टक्का इथेनॉल म्हणजे सुमारे ०.१७ मोलर. तुमचे आम्ल १६० रेणुभाराचे असेल, तर १०० मिलीला १ ग्रॅम म्हणजे जेमतेम ०.०६ मोलर. म्हणजे द्रावणात आम्लापेक्षा जोड्या मोडणारे इथेनॉलच जास्त! बाटली बदलल्यावर रोटेशन बदलले, तर पहिला संशय इथेच घ्या.

एचपीएलसीला हा त्रास कमी. तिथे नमुना मिलीला १ मिलीग्रॅम इतका पातळ असतो, कॉलमवर आणखी पातळ होतो आणि मोबाइल फेजमधले आयसोप्रोपॅनॉल हायड्रोजन बंध तोडते. रेसमिक (डावे-उजवे निम्मे-निम्मे असलेला) नमुना ५०:५० दाखवत असेल, तर तुमचा ८५ चा आकडा धरा.

प्रश्न : माझ्या अमाइडच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये एनएचचे (नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचे) शिखर दुहेरी दिसते, क्षेत्रफळे ३:१. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत) एकच स्पॉट आहे. अशुद्धी समजून दोनदा कॉलम केला, फरक नाही.
— एम.एस्सी. विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : अमाइडमध्ये रोटॅमरमुळेही (बंधाभोवती फिरून झालेल्या एकाच रेणूच्या निराळ्या मांडण्यांमुळेही) शिखरांचे दोन संच येतात. ते शुद्ध एनॅन्शिओमरमध्येही दिसतात आणि तापवले की बहुधा एकत्र होतात. म्हणून आधी शुद्ध आणि रेसमिक असे दोन्ही नमुने त्याच तीव्रतेला घ्या. दोघांतही एकेकच संच आला आणि तुमच्याच नमुन्यात दोन, तर हे डाव्या-उजव्यांच्या सोबतीचे काम आहे. डायहायड्रोक्विनीनमध्ये हे १९६९ मध्येच नोंदले गेले.

समजा सगळे रेणू जोड्यांत आहेत, जोड्या योगायोगाने जुळतात आणि वेगाने जोडीदार बदलतात. शुद्ध जोडीत एनएच ५.४० वर आणि मिश्र जोडीत ५.३० पीपीएमवर येतो. ई.ई. ५० टक्के म्हणजे उजवे ७५, डावे २५. उजव्याला तीन चतुर्थांश वेळ उजवाच जोडीदार मिळतो, म्हणून त्याची सरासरी ५.३७५. डाव्याला तेवढाच वेळ मिश्र जोडी, म्हणून ५.३२५. अंतर ०.०५ पीपीएम, ४०० मेगाहर्ट्झवर २० हर्ट्झ. रेसमिकमध्ये दोघेही ५.३५ वर येऊन एकच शिखर होते. म्हणजे तुमचे ३:१ हाच तुमचा ५० टक्के ई.ई., तोही कोणतेही किरल अभिकर्मक न वापरता. खात्रीसाठी नळीत ड्यूटेरिअमयुक्त डीएमएसओचे दोन-तीन थेंब टाका किंवा द्रावण दहापट पातळ करा. शिखरे जवळ येऊन मिळतील. अशुद्धी असती तर ती पातळ केल्याने नाहीशी झाली नसती.

प्रश्न : साध्या सिलिका जेलवर ई.ई. बदलू शकतो का? आमच्याकडे पहिल्या आणि शेवटच्या फ्रॅक्शनचे आकडे वेगळे येतात.
— प्रक्रिया रसायनतज्ज्ञ, अंबरनाथ

उत्तर : बदलू शकतो. रेसमिक किंवा पूर्ण शुद्ध नमुन्यात नाही, पण मधल्या ई.ई.च्या नमुन्यात हमखास शक्यता. कंडी आणि क्रूक्स यांनी १९८३ मध्ये किरणोत्सर्गी कार्बनने खुणावलेल्या रेसमिक निकोटिनसोबत निकोटिनचा एकच एनॅन्शिओमर सोडला, तेव्हा पूर्णपणे अकिरल (डावे-उजवे न ओळखणाऱ्या) एचपीएलसीवर किरणोत्सर्गाची दोन शिखरे मिळाली. शुद्ध आणि मिश्र जोड्या सिलिकाला सारख्या चिकटत नाहीत, एवढेच कारण. आधी समृद्ध भाग उतरेल की शेवटी, हे संयुगावर ठरते.

एकूण हिशेब मात्र जुळायला हवा. १०० मिलीग्रॅम, ७० टक्के ई.ई.चा नमुना चढवला. पहिले ४० मिलीग्रॅम ८५ टक्क्यांचे, उरलेले ६० मिलीग्रॅम ६० टक्क्यांचे. आधिक्य ३४ आणि ३६, बेरीज ७०. ही बेरीज चुकली, तर रेसमीकरण (एका रूपाचे दुसऱ्यात बदलणे) किंवा हरवलेले फ्रॅक्शन शोधा.

म्हणून अभिक्रियेचा ई.ई. कॉलमच्या आधी, कच्च्या मिश्रणावर मोजा. कॉलमनंतर मोजायचाच असेल तर टीएलसीवर फिकट दिसणारी टोकाची फ्रॅक्शनही टाकून न देता सगळी एकत्र विरघळवून त्यातला थेंब घ्या. हेक्झेन-एथिल अ‍ॅसिटेटमध्ये थोडे मेथॅनॉल घातल्याने आणि कॉलमवर भार कमी केल्याने फरक घटतो. घन नमुना असेल तर ढेकळाचा कोपरा खरवडून इंजेक्शन देऊ नका. स्फटिक होतानाही ई.ई. वाटला जातो, आणि कोपऱ्याचा आकडा लॉटचा म्हणून नोंदला जातो.