निरोप रविवारवर ठेवू नकोस

*प्रिय ताई,*

*मी एका मोठ्या संगीतिकेच्या दौऱ्यावर आहे. समूहात नाचते, गाते, दोन छोट्या भूमिकाही आहेत. वय एकोणतीस. एरवी एका शहरात आमचा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा असतो, इथे मात्र चार महिने झाले. येत्या रविवारी शेवटचा प्रयोग. गेला आठवडाभर काहीतरी बिनसलंय. कारण नसताना रडू येतं. शेकडो वेळा केलेल्या नाचात परवा पाऊल चुकलं.*

*इथल्या नाट्यगृहात विंगेत मला कपडे बदलायला मदत करणाऱ्या काकू पहिल्या दिवसापासून आईसारख्या वागल्या. एकदा माझ्या झग्याची चेन तुटली, तर माझ्या गाण्याचं सुरुवातीचं संगीत वाजत असताना त्यांनी मला उभ्या उभ्या झग्यात शिवून टाकलं. आता जायची तारीख जवळ आली तशा त्या तुटक बोलायला लागल्या आहेत, कामापुरतंच. आणि एक मित्र आहे, तीन महिन्यांची ओळख. तो म्हणतो, दौरा सोड आणि इथेच राहा.*

*ताई, मला निरोप घेता येत नाही. मागच्या शहरातून कुणालाच न सांगता निघाले. तिथल्या मैत्रिणीने नंतर लिहिलं, "तू गेलीस हे मला नाट्यगृहावर दुसऱ्या नाटकाचं पोस्टर लागलं तेव्हा कळलं." या वेळीही तसंच गुपचूप निघून जावंसं वाटतंय. काय करू?*

*– बॅग अर्धी भरलेली*

प्रिय मुली,

हे उत्तर छापायला देण्याआधीच तुला पाठवते आहे, कारण तुझ्या हातात थोडेच दिवस आहेत आणि त्यातला प्रत्येक दिवस कामाचा आहे.

गुपचूप जाऊ नकोस, हे तर सांगतेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे निरोप रविवारवर ठेवू नकोस. गुपचूप निघून जाणाऱ्या बऱ्याच जणी मुळात तशा नसतात. शेवटच्या रात्री भेटू, सगळ्यांना मिठ्या मारू, असं त्यांनी मनात धरलेलं असतं, आणि शेवटच्या रात्री ते जमत नाही. ते का जमत नाही, हे पडद्यामागे आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागू नये, पण तू पडद्यापुढे असतेस म्हणून सांगते. रविवारी पडदा पडेल आणि टाळ्या थांबायच्या आत मागे सेट उतरवायला सुरुवात होईल. डोक्यावर हेल्मेट घातलेली माणसं रंगमंचावर येतील, दिव्यांचे बार खाली येतील, आणि कुणीतरी तुला ओरडून बाजूला व्हायला सांगेल. हे काम रात्रभर चालतं. ट्रक भरले की ते पुढच्या शहराकडे निघतात, कारण तिथे सेट लावायची वेळ ठरलेली असते. म्हणजे ज्यांच्याशी तुला शांतपणे बोलायचं आहे ती सगळी माणसं त्या रात्री सर्वांत जास्त घाईत असणार.

काकू तर जास्तच. प्रयोग संपल्याबरोबर सगळ्यांचे कपडे गोळा करायचे, नावाच्या चिठ्ठ्या तपासायच्या, घामाने ओले झालेले वेगळे ठेवायचे, बूट जोडीने बांधायचे, केसांचे टोप डब्यांत घालायचे, पेट्यांना कुलपं लावायची. तू डोळे पुसत त्यांच्याकडे जाशील तेव्हा त्यांच्या हातात तुझाच ओला झगा असेल आणि मागे पेटी न्यायला माणूस उभा असेल. त्या "नीट राहा गं" म्हणतील आणि पुढच्या कपड्याला हात घालतील. मग ते वाक्य तू पुढच्या तीन शहरांत मनात घोळवत बसशील, की त्या एवढ्या कोरड्या का वागल्या.

त्या आत्ता तुटक का झाल्या आहेत याचा मला अंदाज आहे. त्यांच्या मनातलं त्याच जाणोत, पण त्यांच्या कामाकडे जरा बघ. दौऱ्यावरच्या मोठ्या कंपन्या आपल्याबरोबर मोजकीच माणसं आणतात. कपडे बदलवणारी, सेट उचलणारी बरीचशी माणसं प्रत्येक गावात तिथलीच घेतली जातात. तुझ्यासाठी हे एका शहरातून जाणं आहे. काकूंसाठी मात्र हे दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होत असतं. नवी कंपनी येते, नव्या मुली येतात. कुणाला कानाला हात लागलेला चालत नाही, कुणाचा डावा खांदा दुखतो, कुणाला बदलताना बोललेलं आवडत नाही, हे सगळं त्या अंधारात हाताने शिकतात. शिकून होतं तोवर मुली निघून जातात. अशा माणसाने शेवटच्या आठवड्यात थोडं मागे सरकणं मला तरी फार समजण्यासारखं वाटतं. त्याचा अर्थ त्यांचं तुझ्यावरचं प्रेम आटलं असा काढू नकोस.

तर गुरुवारी एवढं कर. कलाकारांनी नाट्यगृहात हजर व्हायची जी वेळ असते, तिच्या तासभर आधी जा. मेकअप न करता जा. काकू कपड्यांच्या खोलीत इस्त्री करत असतील किंवा बटणं तपासत असतील. त्यांचं काम थांबवू नकोस, शेजारी बस. आणि "तुमची खूप आठवण येईल" वगैरे म्हणू नकोस, कारण तेच वाक्य त्यांनी प्रत्येक कंपनीकडून ऐकलेलं आहे. चेन तुटली त्या रात्रीचं बोल. त्या शिवत असताना तुला काय वाटत होतं, आणि रंगमंचावर गेल्यावर पाठीवर ते टाके जाणवत असताना तू गाणं कसं पूर्ण केलंस, ते सांग. प्रेक्षकांना त्यातलं काहीच कळलं नाही. ती गोष्ट तुम्हा दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तीच बोल. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल. हात इस्त्रीवर असलेल्या बाईला नजर न देता ऐकता येतं, आणि काही माणसांना तसंच ऐकायला सोपं जातं.

आणखी एक काम आहे, ते भेटवस्तूपेक्षा मोलाचं. नाट्यगृहाच्या वेशभूषा विभागाच्या प्रमुखांना आणि तुमच्या कंपनीच्या व्यवस्थापकांना चार ओळींचं पत्र लिही. त्यात काकूंचं पूर्ण नाव असू दे, त्या रात्री नेमकं काय घडलं ते असू दे, आणि त्यांच्यामुळे प्रयोग थांबला नाही हे स्पष्ट शब्दांत असू दे. गावोगावी अशी कामं बहुधा प्रयोगाच्या हिशेबाने मिळतात. पुढची कंपनी आली की कुणाला बोलवायचं ते कुणीतरी ठरवत असतं, आणि त्या वेळी तुझं पत्र त्यांच्या बाजूने बोलेल. माहितीपुस्तिकेत स्थानिक मदतनिसांची नावं क्वचितच छापली जातात. तुझ्या पत्रात तरी काकूंचं नाव येऊ दे. पत्राची एक प्रत त्यांना दे.

आता पाऊल चुकण्याबद्दल. घाबरू नकोस. शेकडो वेळा केलेला नाच शरीर आपोआप करतं, आणि मन त्याकडे टक लावून बघायला लागलं की त्या आपोआपपणात खोडा पडतो. "हे इथे शेवटचं", "हे वळण आता चारदाच" असं मोजत तू नाचत असणार. मोजणं सोड आणि शेजारच्या मुलीच्या श्वासाकडे, समोरच्याच्या डोळ्यांकडे लक्ष दे. रंगमंचावर हलते प्लॅटफॉर्म असतात, वरून सेट खाली येतो, त्यामुळे लक्ष भरकटणं हा फक्त भावनेचा प्रश्न राहत नाही. अंगाला इजा होऊ शकते. त्या नाचाच्या आधी विंगेत एकदा पावलांची सावकाश उजळणी करून घे आणि समूहाच्या नाचावर लक्ष ठेवणाऱ्या नृत्य कॅप्टनला सांगून ठेव की हा आठवडा तुला जड जातोय. त्यात कमीपणा नाही. तिला आधी कळलेलं तिच्याही सोयीचं असतं.

रडण्याने स्वरयंत्राला सूज येते आणि आवाज बसतो, हे तुला गाणारी म्हणून माहीत असेल. तरी बहुतेकींचा आवाज शेवटच्या आठवड्यात रडण्यामुळे जात नाही. प्रयोगानंतरच्या निरोपाच्या पार्ट्यांमध्ये, मोठ्या आवाजातल्या संगीतावर ओरडून बोलण्यात तो जातो. आणि दुसऱ्या दिवशी कुजबुजत बोललं म्हणजे घशाला आराम मिळतो असं समजू नकोस. ताण देऊन कुजबुजल्याने घसा आणखी दमतो. म्हणून माणसांना दिवसा, शांत ठिकाणी, एकेकट्याने भेट. अर्धा तास पुरतो. सगळ्यांनाच भेटायला हवं असंही नाही. चार महिन्यांत ओळख झालेल्यांपैकी ज्यांना तुझं जाणं पोस्टरवरून कळलं तर लागेल, अशी चार-पाचच नावं निघतील. ती आजच कागदावर लिही. मागच्या शहरातली ती मैत्रीणही त्यात धर. तिला अजून उत्तर लिहिलं नसशील तर या आठवड्यात लिही, आणि कारणं न देता लिही.

राहून गेलेली प्रेक्षणीय स्थळं बघायला मात्र धावू नकोस. चार महिने जिथून रोज चालत गेलीस त्या रस्त्याने एकदा सावकाश चाल, तेवढं पुरे.

शेवटच्या प्रयोगाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. शेवटच्या दिवशी विनोद म्हणून संवाद बदलायचे, एकमेकांना हसवायचं, नाचात काहीतरी घुसडायचं, असे प्रकार कंपन्यांमध्ये होतात. तू त्यात पडू नकोस. रविवारी बसलेला प्रेक्षक हे नाटक बहुधा पहिल्यांदाच बघत असतो, आणि मंगळवारच्या प्रेक्षकाला जे मिळालं तेच त्यालाही मिळायला हवं. तुझं दुःखही त्याच्या अंगावर घालू नकोस. भूमिकेत रडायचं नसेल तिथे रडू नकोस.

निघताना "मी नक्की परत येईन" असंही कुणाला म्हणू नकोस. प्रसिद्ध फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टने १९०५-०६चा अमेरिकेचा दौरा निरोपाचा म्हणून केला, आणि १९१०मध्ये ती पुन्हा तिथे गेली. १९१५मध्ये उजवा पाय कापावा लागला, तरी १९१६मध्ये परत एकदा गेली. तिला ते शोभलं, कारण दौरा तिच्या नावावर चालायचा आणि कुठे जायचं ते तिच्या हातात होतं. समूहात काम करणाऱ्या मुलीच्या हातात दौऱ्याचा मार्ग नसतो. ज्याची खात्री नाही ते वचन देऊन ठेवलंस, तर समोरचा माणूस पुढच्या वेळापत्रकात आपलं शहर शोधत राहील. "पत्र लिहीन" म्हण, आणि लिही.

आता तुझा मित्र. त्याच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, काकूंबद्दल कितीतरी. मी त्यातून काही निष्कर्ष काढत नाही, पण तू स्वतः एकदा वाचून बघ.

आठवड्याला आठ प्रयोग करणाऱ्या मुलीला एकच सुट्टीचा दिवस असतो. म्हणजे तीन महिन्यांत त्याने तुला पूर्ण दिवस असं बारा-तेरा वेळा पाहिलंय, आणि तूही त्याला तेवढंच. उरलेल्या वेळी तू दमलेली होतीस किंवा निघायच्या घाईत होतीस. त्यातही प्रेम जमू शकतं, मी नाही म्हणत नाही. पण शेवटच्या आठवड्यात सगळंच जास्त सुंदर आणि जास्त दुखरं दिसतं. अशा दिवसांत नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तुझ्या करारात सूचनेची मुदत असणारच, ती वाच. तुझ्या जागी दुसरी मुलगी तयार करायला कंपनीला तालमींचा वेळ द्यावा लागतो, आणि तो न देता निघालीस तर या क्षेत्रात ते लक्षात ठेवलं जातं.

त्याने तुला दौरा सोडायला सांगितलं. "मी तिकडे येतो, तुझं काम बघतो" असं म्हणाला का? म्हणाला असेल तर मला आनंद आहे. नसेल तर तूच बोलाव. पुढच्या शहरात प्रयोग सुरू झाले, जरा रुळलीस, की त्याने यावं. तू सकाळी किती वाजता उठतेस, दुपारी गप्प का असतेस, प्रयोगानंतर तासभर तुला कुणाशी बोलवत का नाही, हे त्याने बघावं. इथे तो आपल्या घरच्या अंगणात उभा राहून तुला बोलावतोय. तिकडे तो पाहुणा असेल, आणि त्या वेळी तो कसा वागतो ते तुलाही दिसेल.

रविवारनंतर दोन-चार दिवस फार रिकामं वाटेल. रोज रात्री ठरावीक वेळी चढणारा जोर अचानक थांबतो आणि शरीराला ते कळायला वेळ लागतो. पण रडू आणि झोप न लागणं दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, तर निरोपाचं दुःख म्हणून अंगावर काढू नकोस, डॉक्टरांकडे जा.

बॅग शनिवारीच पूर्ण भरून ठेव, म्हणजे रविवारी दोन प्रयोगांच्या मधला वेळ तुझा राहील. मित्राला मात्र तोवर ताटकळत ठेवू नकोस. पुढच्या शहरातल्या पहिल्या प्रयोगानंतर साधारण महिन्याने येणारी एक तारीख ठरव आणि त्याला या आठवड्यातच सांग, की त्या दिवशी मी तुला हो किंवा नाही कळवेन, आणि त्याआधी तू मला विचारायचं नाहीस.

तुझी,
ताई