सहलेखनाचा नकाशा कसा वाचावा?

प्रश्न : मला बुद्धिमान वाहतूक प्रणालींवर पीएच.डी. करायची आहे. या क्षेत्रातील सहलेखनाचा एक नकाशा (प्रत्येक संशोधक एक वर्तुळ, एकत्र निबंध लिहिणाऱ्यांना जोडणाऱ्या रेघा) आणि निबंधांतील शब्दांच्या वापराचा आलेख पाहिला. नकाशातले सर्वांत मोठे वर्तुळ म्हणजे आघाडीचा संशोधक आणि आलेखात झपाट्याने वाढणारा शब्द म्हणजे उद्याचा विषय, असे समजावे का?

उत्तर : एवढ्या भरवशावर विषय ठरवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाच लेखकांच्या शोधनिबंधातून लेखकांच्या १० जोड्या तयार होतात, तर वीस लेखकांच्या निबंधातून १९०; त्यामुळे प्रत्येक जोडीला पूर्ण गुण दिले, तर एकच मोठा प्रकल्प नकाशाचा मध्य व्यापून बसतो आणि दोघांनी वर्षानुवर्षे चिकाटीने केलेले काम कडेला पडते. नावांचाही घोळ असतो. या क्षेत्रात चिनी संशोधक मोठ्या संख्येने आहेत आणि 'वाय. वांग' या एका नोंदीमागे अनेक व्यक्ती असू शकतात. त्यांना एकच धरले, की एकमेकांशी कधीही संबंध न आलेले गट जोडलेले दिसू लागतात. म्हणून मोठ्या वर्तुळातले निबंध उघडून लेखकांच्या संस्था आणि ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक) ताडून पाहावेत.

शब्दांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. १९९० च्या दशकात 'वाहतूक टेलिमॅटिक्स' (वाहतुकीसाठी दूरसंचार आणि संगणक यांचा एकत्र वापर) या नावाखाली होणारे बरेचसे काम आज 'कनेक्टेड वाहने' (एकमेकांशी आणि रस्त्यावरील यंत्रणेशी संदेशांची देवाणघेवाण करणारी वाहने) म्हणून ओळखले जाते. आलेखात एक रेघ उतरते, दुसरी चढते, आणि प्रश्न पुष्कळदा तेच असतात. शिवाय आयती मिळणारी माहितीही विषय वाढवते. लॉस एंजेलिसच्या महामार्गांवरील २०७ सेन्सरांनी २०१२ च्या मार्च ते जून या काळात नोंदवलेल्या वेगांचा 'मेटर-एलए' हा संच वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्या असंख्य निबंधांत पुन्हा पुन्हा वापरला गेला आहे. एकाच शहराच्या चार महिन्यांच्या नोंदींवर अंदाजाची प्रारूपे (गणिती मॉडेल) घासूनपुसून चकचकीत होत राहतात, पण तिथल्या महामार्गावर ना सिग्नल असतो, ना रस्ता ओलांडणारा पादचारी, हे आलेखाची चढती रेघ सांगत नाही.

नकाशाचा खरा उपयोग मला दोन पुंजक्यांमधल्या विरळ जागेत दिसतो. सिग्नल नियंत्रणावर काम करणारे आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेवर काम करणारे यांना जोडणारी एखादीच रेघ सापडली, तर त्या रेघेमागचा निबंध आधी वाचा आणि त्याच्या लेखकांना पत्र लिहून विचारा, की पुढचे काम कशापाशी अडले आहे.