सुपरहिरोचा सूट गॅदरिंगचा का वाटतो?

प्रश्न थोडक्यात असा: निळ्या-लाल कॉमिक नायकावर शॉर्टफिल्म करायची आहे, शूटिंग मे महिन्यात नाशिकला, गोदाघाटावर आणि पांडवलेण्यात. मेन रोडवरून लायक्रा आणून टेलरकडून चित्राबरहुकूम सूट शिवून घेतला, केपला (पाठीवरच्या झग्याला) सॅटिन घेतलं, मास्क अर्धाच आहे, पण कॅमेऱ्यात तो शाळेच्या गॅदरिंगमधला वाटतो.

चित्राबरहुकूम आहे म्हणूनच तसा वाटतो. कॉमिकचा चित्रकार उघडं शरीर काढतो आणि त्यावर रंग भरतो. तिथे कापड नसतंच. स्नायूंची सावली शाईतून येते. तोच सपाट निळा खऱ्या अंगावर चढवला की दिसतात त्या गुडघ्यावरच्या चुण्या आणि आतल्या बनियनची कड. सिनेमातले अलीकडचे सूट थांबवून बघा, तळहाताएवढी जागासुद्धा सहसा कोरी सोडलेली नसते. कुठे छापलेली जाळी, कुठे जोड, कुठे पाइपिंग (जोडावर बसवलेली बारीक उठावदार कड).

तुमच्या बजेटमध्ये सब्लिमेशन प्रिंट (उष्णतेने धाग्यात रंग उतरवणारी छपाई) करून घ्या. क्रिकेटच्या जर्सी छापणारे हेच काम करतात. कापड पांढरं पॉलिस्टर-लायक्रा, चारही बाजूंनी ताणणारं, २२० ते २६० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं). कॉटन-लायक्रावर हा रंग धरत नाही. डिझाइनमध्ये तीन-चार मिलिमीटरची षटकोनी जाळी आणि स्नायूंच्या कडेने गडद सावली ठेवा. जाळी फार बारीक केलीत तर कॅमेऱ्यात लहरी येतात. लाल थोडा मरूनकडे, निळा नेव्हीकडे झुकवा. भडक लाल उन्हात फोनच्या कॅमेऱ्यात नुसता डाग होतो. आधी हातभर तुकडा छापून बाहेर शूट करून बघा. आणि व्हीएफएक्ससाठी मागे निळा पडदा लावू नका, पडद्याबरोबर नायकही गायब होईल.

नेहमीच्या मापांवर हा सूट बेतता येत नाही. नटाला जुना टी-शर्ट आणि लेगिंग घालून वरून डक्ट टेपचे दोन-तीन थर द्या, मानेला आधी क्लिंग फिल्म. मार्करने जोडरेषा काढा, पाठीतून कापून उतरवा, रेषांवर तुकडे सुटे करून सपाट करा, हाच कापड बेतायचा पॅटर्न. टेप छातीभोवती ओढून लावू नका आणि माणसाला पंख्याखाली उभं करा, घेरी येते. या पॅटर्नचा घेर ८ ते १० टक्के कमी करायचा, लांबी जेमतेम ३ टक्के. बरेच मास्टर ‘फिटिंग हवंय ना’ म्हणून घेर २० टक्के मारतात. मग गुडघ्यावर छापाखालचा पांढरा धागा वर दिसतो आणि जांघेत आडव्या चुण्या पडतात.

हात वर केला की पट्टा बरगड्यांपर्यंत चढतो का? बहुधा चढतच असेल. काखेत शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घाला, लांबी १२ सेंमी, मधली रुंदी ८. जांघेतही तसाच. सरळ टीप ताणली की तुटते, म्हणून ओव्हरलॉक किंवा झिगझॅग, आणि ११ नंबरची बॉलपॉइंट सुई. साधी सुई लायक्रावर टाके सोडते. सूट वर-खाली दोन भागांत शिवा, जोड पट्ट्याखाली लपतो. एकसंध सूट घालून दिवसभर शूटिंग केलेल्या नटाला विचारा, बाथरूमला जाणं म्हणजे काय असतं ते.

छाती आणि खांद्यांना ५ मिमी ईव्हीए (चपलांच्या फोमचं) शीट, चिन्हाला २ मिमी. चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. रंगाआधी हीट गनने शेकून घ्या, नाहीतर रंग पीत बसते. फेव्हिकॉल एसआर ९९८ हा रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावा आणि बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा. मे महिन्यात हे सामान बंद गाडीत ठेवलं तर जोड मऊ पडून उघडतात. स्पंजचे नकली स्नायू मात्र नकोच, घामाने जड होतात.

मास्क खांद्यांना जोडू नका. १९८९च्या ‘बॅटमॅन’मध्ये रबरी मुखवटा आणि मान एकसंध असल्याने मायकल कीटनला मान वळवता येत नव्हती, अख्खं धड फिरवावं लागे, ‘द डार्क नाइट’मध्ये २००८ साली मुखवटा मानेपासून सुटा केला गेला. तुमच्याकडे अर्धाच मास्क आहे, तर डोळ्यांभोवती काळा मेकअप करा म्हणजे फट दिसणार नाही.

केपसाठी सॅटिन घेतलंय ते बदला, उन्हात चमकतं आणि स्वस्त वाटतं. जाड क्रेप घ्या. अर्धवर्तुळ कापायचं: १३० सेंमी लांबी, गळ्याची त्रिज्या १२ सेंमी, म्हणजे ५८ इंच पन्ह्याचं तीन मीटर पुरतं. कापून झाल्यावर दिवसभर टांगून ठेवा, तिरक्या धाग्याचा भाग खाली ओघळतो. त्यानंतरच घेर सारखा करून दुमडा. गळ्याशी हुक लावलात तर वाऱ्यात नट गुदमरेल. सूटच्या आत काखेखालून जाणारा पट्टा करा आणि केप खांद्यांवर त्यालाच अडकवा.

शूटिंग सकाळी १०च्या आत आटपा, आत सुती बनियनऐवजी ड्राय-फिट. मारामारीसाठी दुसरा सूट लागेल, गुडघ्याचे पॅड आत बसतील इतका सैल. बूट म्हणजे स्पोर्ट्स शूजवर लायक्राचं कव्हर, तळवा उघडा ठेवून. ओल्या घाटावर पकड त्यानेच राहते. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथली शूटिंगची परवानगी कापड घ्यायच्या आधी मागा.