मुलीच्या फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकू का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी १२ वर्षांची आहे, क्लासला एकटी जाते म्हणून तिला अँड्रॉइड फोन घेऊन दिला. आता सतत त्यातच असते आणि मी जवळ गेले की पटकन स्क्रीन बंद करते. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते एक अ‍ॅप आहे, मुलांना पत्तापण लागत नाही आणि त्यांचे सगळे मेसेज, फोटो आपल्याला दिसतात. टाकू का? रात्र रात्र झोप नाही हो.

उत्तर : काळजी अगदी रास्त आहे तुमची, पण ते अ‍ॅप प्लीज टाकू नका. असली लपून चालणारी अ‍ॅप्स बहुतेक वेळा प्ले स्टोअरवर नसतातच, कुठल्यातरी वेबसाइटवरून उतरवायला लावतात, मग म्हणतात प्ले प्रोटेक्ट (धोकादायक अ‍ॅप्स पकडणारी गुगलची सोय) बंद करा, मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची परमिशन द्या, आणि ती एकदा दिली की स्क्रीनवर जे दिसतं, जे टाइप होतं ते सगळं त्या अ‍ॅपला वाचता येतं. व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड असलं, म्हणजे मेसेज वाटेत कोणाला वाचता येत नसला, तरी मेसेज स्क्रीनवर उघडला की तो साधा मजकूरच, तिथूनच उचलतात. आणि हे सगळं आधी जातं त्या कंपनीच्या सर्व्हरवर, मग तुम्हाला दिसतं. म्हणजे पोरीचे फोटो, ती किती वाजता कुठे असते हे कोणा अनोळखी लोकांच्या हातात, तेही आपणच पैसे भरून! स्पायफोन नावाच्या अशाच अ‍ॅपच्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) २०२१ मध्ये या धंद्यातूनच बाहेर काढलं, आणि एमस्पाय या तसल्याच दुसऱ्या अ‍ॅपचा डेटा २०१५ पासून एकापेक्षा जास्त वेळा फुटलाय.

शिवाय मुलांना कळतंच. बॅटरी भराभर उतरते, फोन तापतो, एखादी मैत्रीण सेटिंग उघडून दाखवते. मग ती दुसऱ्या अकाउंटवरून नाहीतर मैत्रिणीच्या फोनवरून बोलायला लागते आणि तुम्हाला काहीच दिसत नाही.

त्यापेक्षा गुगलचं फॅमिली लिंक घ्या, फुकट आहे (आयफोन असेल तर त्यात स्क्रीन टाइम असतंच). दोघी शेजारी बसून सुरू करा, तिला बघू दे काय काय चालू होतंय. कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसतं, नवीन अ‍ॅप तुमच्या परवानगीशिवाय उतरत नाही असं ठेवता येतं, रात्री ठरलेल्या वेळी फोन लॉक होतो, लोकेशन कळतं. मेसेज मात्र वाचता येत नाहीत, आणि ते मला बरोबरच वाटतं. स्क्रीन बंद करते म्हणता, ते या वयात बरीच मुलं करतात हो, त्यात दरवेळी काही वाईटच असतं असं नाही.

खरी भीती कशाची ते तिला स्पष्ट सांगा. ओळख नसलेलं कोणी खूप गोड बोलतंय, दुसऱ्या अ‍ॅपवर ये म्हणतंय, फोटो मागतंय, घरी सांगू नको म्हणतंय, तर तिथेच थांबायचं आणि आईकडे यायचं. आणि तुम्ही तिला शब्द द्या की सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही, कारण बरीच मुलं फक्त फोन जाईल या धाकानेच गप्प बसतात. असं काही झालंच तर रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. समोरच्याचं प्रोफाइल, नंबर, धमकीचे मेसेज जपून ठेवा, मग ब्लॉक करून रिपोर्ट करा आणि पोलिसांकडे जा. फोटो व्हायरल करतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढत जाते. आणि तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला फॉरवर्ड करू नका.

प्रश्न : मुलगा म्हणतो शाळेत होतो, अ‍ॅप दाखवतं मागच्या रस्त्यावर. खोटं बोलतोय का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणू नका. बिल्डिंगच्या आत जीपीएसचा सिग्नल नीट मिळत नाही, मग फोन वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो आणि ठिपका सरकतो. ठिपक्याभोवती गोल दिसत असेल तर त्या गोलात कुठेही तो असू शकतो. शिवाय लोकेशन किती मिनिटांपूर्वीचं आहे तेही बघा, फोन बंद असेल तर शेवटी जिथे दिसला होता तीच जागा दिसत राहते.