वाचक विचारतात : आजीचा आवाज मागे राहतो

प्रश्न : दादा, राम राम. आमच्या घरच्या कानबाईच्या जागरणाची जुनी व्हीएचएस कॅसेट होती, माझी आजी त्यात अहिराणीत गाणी म्हणते. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवली, सुरुवातीला सगळं बरोबर पण पुढे पुढे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, तासाभराने तर गाणं संपून बाया हसायला लागतात तरी आजीचं गाणं चालूच. आजी आता नाहीये, हा एकच व्हिडिओ आहे. काही होईल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : होईल भाऊ, नक्की होईल. मात्र आधी मूळ फाइलची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढून बाजूला ठेवा, आणि कॅसेट कुणी कितीही म्हणू दे, फेकू नका.

आता आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असता तर काम दोन मिनिटांचं होतं (तसं असेल तर पहिले ब्लूटूथ स्पीकर काढून बघायचं, निम्म्या वेळा तोच आवाज उशिरा देतो). तुमचा फरक वाढत जातोय. कॅसेट उतरवताना चित्र एका कार्डातून आणि आवाज दुसऱ्यातून जात असेल तर दोघांची घड्याळं जराशी वेगळी चालतात, त्यात जुन्या टेपमुळे मधल्या काही फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) गळतात, मग चित्र आखूड होतं आणि आवाज लांब राहतो.

फरक मोजायचा कसा, तर व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेयरमध्ये फाइल लावा, बरोबर एक तासावर या, आजीचे ओठ नीट दिसतील अशी जागा धरा आणि ‘जे’ दाबत राहा, एका दाबाला आवाज 50 मिलिसेकंद अलीकडे येतो, ‘के’ने उलटा जातो, आकडा स्क्रीनवर दिसतो. समजा -3000 ला जुळलं, म्हणजे तासाला 3 सेकंद. अर्ध्या तासावरही बघा, तिथे साधारण दीड सेकंद आला तर फरक सारखा वाढतोय, हे चांगलं. व्हीएलसीमुळे फाइल बदलत नाही, हे फक्त माप झालं.

मग फाइल दुरुस्त करायला फुकट मिळणारं एमकेव्हीटूलनिक्स हे सॉफ्टवेअर घ्या. इथे बरेच जण आवाज आखूड करायला जातात, तुम्ही तसं करू नका, चित्र ताणा. व्हिडिओ ट्रॅक निवडून ‘स्ट्रेच बाय’च्या रकान्यात 3603/3600 टाका (तासाचे 3600 सेकंद, त्यात तुमचे 3 वाढवले), आवाजाला हात लावू नका. चित्राचा वेग हजारात एकाहूनही कमी बदलतो, तो डोळ्याला कळत नाही, आणि आजीचा सूर होता तसाच राहतो, आणि या व्हिडिओत जपायचा तो सूरच आहे. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही (नव्याने बनवलं जात नाही) म्हणून क्वालिटीही जात नाही.

फरक एखाद्या जागी एकदम उडी मारत असेल तर तिथे फ्रेम गळल्यात, फाइल तिथे तोडा, पुढच्या तुकड्याच्या आवाजाला वेगळा डिले (मागे-पुढे सरकवण्याचा आकडा) द्या आणि परत जोडा. किचकट आहे, पण करण्यासारखं आहे.

अगदी मिलिसेकंदाला जुळवायच्या मागे लागू नका. आवाज चित्राच्या आधी आला तर माणसाला साधारण 45 मिलिसेकंदालाच खटकतं, मागून आला तर 125 पर्यंत चालून जातं, कारण लांबचा ढोल आपण असाच ऐकत आलोय, काठी आधी दिसते. म्हणून चुकायचंच तर आवाज जरासा मागे ठेवा.

प्रश्न : माझ्या डीव्हीडीवरून काढलेल्या पिक्चरला सबटायटल लावले तर तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : हा फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा घोळ आहे. आपल्याकडची पाल डीव्हीडी 25 फ्रेमने चालते आणि तुमचे सबटायटल 23.976 वाल्या कॉपीचे आहेत, म्हणून ते मागे पडत जातात. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट 23.976 वरून 25 करा, पिक्चरला काही करायची गरज नाही.