सर्व्हर भाड्याने घेताना आधी पोर्ट बघा

प्रश्न : लग्नाचे फोटो-व्हिडिओ ग्राहकांना पाठवता यावेत म्हणून आम्ही फोटोग्राफरांना फाइल होस्टिंगची सेवा देतो. सध्या १४ टीबी डेटा आहे. त्यात महिन्याला १ टीबीची भर पडते आणि सुमारे ४० टीबी डाउनलोड होतो. क्लाउडच्या बिलात साठवणुकीपेक्षा डाउनलोडचेच पैसे जास्त जातात. स्वस्तातला डेडिकेटेड (अख्खा आपल्या एकट्यासाठीचा) सर्व्हर घेताना काय पाहावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : जाहिरातीत कोअर आणि रॅमचे आकडे ठळक असतात, पण नुसत्या फायली द्यायच्या असतील तर प्रोसेसर बहुतेक वेळ बसूनच असतो. जुन्या पिढीचा चार कोअरचा झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) आणि ३२ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम तुम्हाला पुरे. पैसे पोर्ट (सर्व्हरची इंटरनेटला जोडणी) आणि डिस्कवर घाला.

महिन्याला ४० टीबी म्हणजे सरासरी १२३ मेगाबिट प्रतिसेकंद. लोक मात्र डाउनलोडला बसतात रात्री आठ ते अकरात. तेव्हाचा भार चौपट, म्हणजे ५०० मेगाबिट धरा. १०० मेगाबिटचा पोर्ट इथेच बाद होतो. तो महिनाभर अखंड भरून वाहिला तरी ३२ टीबीच जातात. १ गिगाबिटचा घ्या आणि तो तुमच्या एकट्याचा आहे की सामायिक, हे लेखी विचारा. ९५ पर्सेंटाइलच्या आकारणीपासून सावध राहा. त्यात दर पाच मिनिटांनी वापराची नोंद होते, महिन्यातले सर्वांत चढे ३६ तास सोडून देतात आणि उरलेल्यातल्या कमाल आकड्यावर बिल निघते. तुमची रोजची तीन तासांची गर्दी महिन्याला ९० तास भरते, म्हणजे सवलतीचा उपयोग शून्य.

आता डिस्क, कारण खरी अडचण इथेच होते. फिरत्या डिस्कचे हेड, म्हणजे डेटा वाचणारे टोक, एका जागेवरून दुसरीकडे सेकंदाला साधारण १०० ते १५० उड्या मारते. शंभर जण वेगवेगळे व्हिडिओ ओढू लागले की सलग वाचन संपते, हेड नुसते इकडून तिकडे धावत राहते. लिनक्सचे रीड-अहेड, म्हणजे एका उडीत पुढचा किती डेटा आधीच वाचून ठेवायचा ते माप, मुळात १२८ केबी असते. १२० उड्या धरल्या तर एका डिस्कमधून सेकंदाला जेमतेम १५ एमबी निघतात. रीड-अहेड ४ एमबी केले की त्याच डिस्कचा वेग कितीतरी वाढतो. शिवाय गेल्या आठवड्यातल्या फायलींना मागणी सर्वांत जास्त असते. त्या एनव्हीएमईच्या (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कच्या) जोडीवर ठेवा, जुन्या झाल्या की मोठ्या डिस्कवर हलवा.

मोठ्या डिस्क १६ टीबीच्या चार, रेड १० मध्ये, म्हणजे डिस्कच्या जोड्या करून प्रत्येक जोडीत तोच डेटा दोनदा. वापरायला ३२ टीबी मिळतात. ८० टक्क्यांवर थांबायचे म्हटले तरी अकरा महिने निघतात. रेड ५ (ज्यात एकच डिस्क गेलेली चालते) नको. बिघडलेल्या डिस्कच्या जागी १६ टीबीची डिस्क नव्याने भरायला मोकळ्या सर्व्हरवरही २२ तास लागतात, भार असताना कितीतरी जास्त, आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सगळेच गेले. कोणती फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे, हे पहिल्या दिवसापासून डेटाबेसमध्ये नोंदवा. दुसरा सर्व्हर जोडताना लिंक बदलाव्या लागणार नाहीत.

स्वस्त यंत्रे युरोपात मिळतात. हेट्झनर ही जर्मन होस्टिंग कंपनी जर्मनी आणि फिनलंडमधले वापरलेले सर्व्हर लिलावात देते. तिथून भारतात येणाऱ्या डाउनलोडचा वेग अंतरामुळे पडतो, म्हणून लिनक्समधले बीबीआर (पाठवण्याचा वेग ठरवणारी पद्धत) चालू करा आणि टीसीपी बफर (पाठवलेला डेटा पोहोचेपर्यंत धरून ठेवणारी जागा) वाढवा. ताबा मिळताच स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल काढा. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) किंवा पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्याच्या वर दिसले, तर डेटा चढवण्याआधीच डिस्क बदलून मागा. मग रात्री नऊला सांगलीतल्याच घरगुती जोडणीवरून मोठी फाइल उतरवून बघा. दुपारची चाचणी धरू नका.

प्रश्न : रेड असताना वेगळा बॅकअप लागतोच का?

उत्तर : लागतोच. चुकून पुसलेली फाइल रेडमधल्या सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. आणि बॅकअप दुसऱ्या शहरात हवा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले, तेव्हा ज्यांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला.